पिकेट रस्त्यावरचे रंग

डेट्रॉइटला गेलात, तर पिकेट रस्त्यावरची विटांची तीन मजली इमारत जरूर पाहा. १९०८ साली फोर्डची पहिली ‘मॉडेल टी’ मोटार इथेच तयार झाली. आज तिथे संग्रहालय आहे. ही मोटार म्हणजे काळी, असा आपला समज. पण काळ्याचे एकछत्री राज्य १९१४ ते १९२५ एवढेच. त्याआधीच्या गाड्या तांबड्या, करड्या, हिरव्याही असत!

मग जुन्या गाडीचा मूळ रंग ओळखावा कसा? उन्हाने विटलेल्या दर्शनी भागाला विचारून उपयोग नाही. जाणकार बैठक उचलतात, बिजागरीमागे डोकावतात. ऊन पोचले नाही, तिथे खरा रंग दडलेला असतो. त्यावरचे वार्निशही पिवळलेले; ती पिवळी झाक मनाने वजा करून रंग जुळवायचा. घाईने काळा फासला, तर गाडीची कुळकथाच पुसली जायची!