एकटीने उभारलेला तंबू

व्यापारी घरात दुकान सोडून दोघांनीही निघणे क्वचितच घडते. म्हणून गतवर्षी पौषात दोन मुलांना घेऊन मी एकटीच मावळात, पवना जलाशयाच्या काठी मुक्कामास गेले. एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला तिकोना. सूर्य कलला होता; बोगद्याच्या आकाराचा आमचा मोठा तंबू मात्र उभा राहीना. त्याला दोन्ही टोकांकडून ताण लागतो. मी एक बाजू बांधावी, तोवर वाऱ्याने दुसरी आडवी व्हावी. अखेर सूर्य मावळला. धाकट्याने डब्याकडे पाहिले आणि मुकाट्याने झाकण लावले.

यंदा घुमटाकार तंबू घेतला. त्याच्या दोन लवचीक काठ्या एकमेकींना छेदतात. टोके कोपऱ्यांत बसवून कापड आकड्यांनी अडकवले की तो खुंट्यांवाचूनही उभा राहतो. वारा असल्यास मात्र त्या बाजूचे दोन कोपरे आधी खुंटीला बांधावेत. ‘चार जणांचा’ म्हणजे चार अंथरुणे खेटून मावणारा. सामानासह तिघांना तोच पुरतो. निघण्यापूर्वी गच्चीवर एकदा एकटीने उभारून पाहिला.

काठावर पोहोचल्यावर तंबू उभा केला, तोच थोरलीला त्याखालून जाणारी मुंग्यांची रांग दिसली. खुंट्या मारायच्या होत्या. आम्ही तिघांनी तो हलकेच उचलून चार पावले पलीकडे ठेवला. सूर्यास्ताला अजून अवकाश होता. मुलांनी निवांत जेवून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले.