कुलूपबंद रेडिओ

मोटारीची बॅटरी बदलल्यानंतर काही रेडिओ गाणे लावत नाहीत. पडद्यावर ‘कोड’ एवढाच शब्द उमटतो आणि चार अंकांची मागणी होते. ही योजना चोरीला आळा घालण्यासाठी आहे. चोर रेडिओ उपटून नेतो तेव्हा त्याचा वीजपुरवठा तुटतो; परंतु बॅटरी बदलतानाही तो तसाच तुटतो, आणि या दोन घटनांतील फरक ओळखण्याचे कोणतेही साधन यंत्राजवळ नसते. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, तेव्हा अशा रेडिओंनी घरच्याच माणसांवर संशय घेतला.

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील एका मराठी घरात हेच घडले. वडील गेल्यानंतर गाडी तळघरात तशीच उभी होती. नवी बॅटरी बसवल्यावर कोडची मागणी झाली, तेव्हा मुलाने आधी वडिलांचे जन्मसाल घातले, मग आईवडिलांच्या लग्नाचे. तर्क जिव्हाळ्याचा होता, पण निरुपयोगी. कारण हा आकडा मालक निवडत नाही, तो कारखान्यातच ठरतो. गाडीच्या कागदपत्रांसोबत मिळणाऱ्या एका लहानशा कार्डावर तो छापलेला असतो. असे कार्ड सांभाळून ठेवणारी माणसे विरळाच.

चार अंकी आकड्याच्या शक्यता १०,०००. दर दहा सेकंदांना एक आकडा घातला, तर २८ तासांच्या आत सगळ्या संपतील. म्हणून अनेक रेडिओ चुकीनंतर थांबायला लावतात. समजा, पहिल्या चुकीला एक मिनिट आणि पुढे दर चुकीला त्याच्या दुप्पट वेळ थांबायचे असेल, तर विसाव्या चुकीनंतरची प्रतीक्षा सुमारे ३६४ दिवसांची होते. (विद्यार्थ्यांनी २ चा १९ वा घात काढून पाहावा.) खरे संरक्षण आकड्यात नसून या प्रतीक्षेत आहे.

आकड्याची गुप्तता त्या मानाने फारच तकलादू. रेनोच्या अनेक रेडिओंच्या पट्टीवर एक अक्षर आणि तीन अंक असा पूर्वसंकेत छापलेला असतो. त्यावरून कोड काढण्याचे गणित केव्हाच जगजाहीर झाले आहे. संकेतप्रणालीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी तिची सुरक्षितता टिकली पाहिजे, असा दंडक ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच घालून दिला होता. येथे पद्धत लपवणे हीच सारी सुरक्षितता होती.

जेथे असे गणित ठाऊक नसते, तेथे चिपच वाचावी लागते. रेडिओच्या आत आठ पायांची एक लहान चिप असते, तिची क्षमता कित्येकदा अवघी २५६ बाइट. तिच्या प्रत्येक पेशीत चहूबाजूंनी ऑक्साइडने वेढलेले एक तरंगते द्वार असते आणि त्यावर अडकवलेले इलेक्ट्रॉन म्हणजेच स्मृती. ही रचना १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. लिहिताना इलेक्ट्रॉन सुमारे दहा नॅनोमीटर जाडीच्या भिंतीतून पुंज-बोगद्याने आत शिरतात. एरवी तीच भिंत त्यांना बाहेर पडू देत नाही. उत्पादक अशा चिपची स्मृती शंभर वर्षे, कधी त्याहूनही अधिक टिकेल असे सांगतात. खासगी गाडीची पहिली नोंदणी मात्र १५ वर्षांची! बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेच्या स्वच्छ कक्षांत अशाच नॅनोमीटर जाडीच्या थरांवर संशोधन चालते, आणि त्याच शहरात जे. सी. रोडच्या परिसरात सुट्या भागांची दुकाने आहेत.

तेथील कारागिराने रेडिओला हात लावण्याआधी गाडीचे नोंदणीपत्र मागितले. ते अजून वडिलांच्याच नावावर होते, म्हणून मुलाला मृत्यूचा दाखला घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले. हा हेलपाटा त्रासदायक खरा. पण कुलूप उघडून देण्याची विद्या ज्याच्या हाती आहे, त्याने हे विचारलेच पाहिजे. रेडिओ मालकी तपासत नाही, केवळ चार अंक तपासतो. दुसरीकडे, हक्काची दुरुस्ती वाहनधारकाला सुलभ व्हावी, म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

चिप वाचली गेली, आकडा सापडला आणि रेडिओ सुरू झाला. मात्र वडिलांनी एक ते सहा या बटणांवर लावून ठेवलेली केंद्रे पुसली गेली होती. त्या रेडिओत ती नोंद दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीत होती. तिला सतत वीज लागते आणि वीज तुटताच ती कोरी होते. मुलाने आईला विचारले, पहिल्या बटणावर बाबांनी काय लावले होते? क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, “विविधभारती, १०२.९.”