घोळणा

माळव्याच्या उन्हाळ्यात घोळणा फुटणे ही काही बातमी नव्हे. आमच्या लहानपणी दर वैशाखात आम्हा भावंडांपैकी कुणाचे तरी नाक वाहायचेच. आई टाळूवर गार पाण्याची घडी ठेवी, फोडलेला कांदा हुंगायला देई. शेजारची मंडळी यालाच नकसीर म्हणत. उपाय मात्र दोन्ही भाषांत एकच. त्यामुळे २०२३ च्या वैशाखात नानांचा घोळणा फुटला तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात कुणी घाबरले नाही. ‘ऊन बाधले,’ असे म्हणून आम्ही पन्हे करायला घेतले.

पण हा घोळणा निराळा होता. रक्त दर वेळी डाव्याच नाकपुडीतून येई. आधी रुमाल भिजे, मग पंचा भिजू लागला. ती बाजू बंद झाली, डावा गाल जड झाला. देवापुढच्या मोगऱ्याला यंदा वास नाही, अशी नानांची तक्रार सुरू झाली. मोगऱ्याला वास होता. यात तीन आठवडे गेले.

नाकाच्या डॉक्टरांनी आत पाहिले. लालभडक मांसल गाठ दिसत होती. तिचा लहानसा तुकडा तपासणीला काढू म्हणाले, आणि हत्यार उचलता उचलता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “पूर्वी काही मोठे आजारपण?”

“नाही, तसे काही नाही,” आम्ही म्हणालो.

मागच्या बाकावरून आईचा आवाज आला. “डॉक्टर, यांची एक किडनी काढलेली आहे. बारा वर्षे झाली. कॅन्सर होता.”

डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवले.

आम्ही खोटे बोललो होतो का? त्या क्षणी तसे वाटले नाही. २०११ साली नानांचे उजवे मूत्रपिंड काढले तेव्हा घरात लग्नाच्या मुली होत्या. स्थळांकडून विचारणा होई, म्हणून ‘गाठ होती, काढली’ एवढेच बाहेर सांगायचे ठरले. पुढे घरातही तेवढेच उरले. दर वर्षी तपासणीला या, असे तेव्हाच्या शल्यचिकित्सकांनी बजावले होते. पाच वर्षे गेलो. मग ‘पाच वर्षे उलटली, आता काय?’ असे म्हणून थांबलो. जो शब्द आम्ही बारा वर्षे उच्चारला नाही, तो आमच्या लेखी घडलाच नव्हता.

आईच्या त्या एका वाक्याचे मोल डॉक्टरांनी नंतर आम्हांला समजावले. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ रक्ताने भरलेली असते. स्वतःला प्राणवायू कमी पडतो आहे अशा समजुतीने ती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. तिथे साध्या खुर्चीत बसवून तुकडा काढला असता, तर रक्त आवरणे कठीण झाले असते. हा रोग पसरतो तो बहुधा फुप्फुसांत आणि हाडांत, नाकात क्वचितच. मात्र गळ्याच्या हाडाखालच्या अवयवांतून जे कर्करोग नाकात आणि त्याशेजारच्या सायनसच्या पोकळ्यांत येतात, त्यांत मूत्रपिंडाचा पहिला लागतो. कधी तो दहा-बारा वर्षे गप्प राहून येतो. पाठीच्या कण्याभोवती शिरांचे एक जाळे असते. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४० साली त्याचे वर्णन केले. या शिरांना झडपा नसतात. त्यामुळे खोकताना, कुंथताना रक्त तिथे उलटेही वाहू शकते, आणि फुप्फुसांच्या गाळणीला वळसा घालून रोगाची पेशी वर डोक्यापर्यंत पोचू शकते.

पुढचे सारे बेताने झाले. जांघेतून बारीक नळी नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आधी बुजवल्या, मग दुर्बिणीतून गाठ काढली. अहवालात पेशी मूत्रपिंडाच्याच निघाल्या. फुप्फुसांतही दोन ठिपके दिसले. किरणोपचार झाले, इम्युनोथेरपी झाली. रोग जाणार नव्हता, हे आम्हांला स्पष्ट सांगण्यात आले. या वेळी आम्ही ते नानांनाही सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मला २०११ सालीच ठाऊक होते. तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीही बोललो नाही.”

त्यानंतर नाना दीड वर्ष होते. घोळणा पुन्हा फुटला नाही. २०२४ च्या मार्गशीर्षात ते गेले.

उपचारांच्या त्या धावपळीत डॉक्टरांनी २०११ चे कागद मागितले होते. ते माळ्यावरच्या ट्रंकेत सापडले, नेमके आमच्या वंशावळीच्या वहीखाली. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले. तेव्हापासूनच्या पिढ्या त्या वहीत नोंदल्या आहेत. कुणाचे दत्तकविधान, कुणाची श्राद्धतिथी, सारे काही. कोण कशाने गेले, हे मात्र कुठेही नाही. ‘अल्पशा आजाराने’ या दोन शब्दांत आमच्या कित्येक पिढ्या संपल्या आहेत. आपल्यासारख्या जुन्या घराण्यांना स्मरणाचा अभिमान असतो. आपण काय आठवायचे आणि काय नाही, याची निवडही आपणच करतो.

नानांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही ती वही उघडली. त्यांच्या नावापुढे तिथी लिहिली आणि तिच्याखाली आजाराचे नाव, दोन्ही शस्त्रक्रियांची साले आणि कागद कुठे ठेवले आहेत ते लिहिले. आईने ते वाचून पाहिले. मग तिने आपल्या सासऱ्यांच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाली, “यांचेही लिहून घ्या. मला ठाऊक आहे.”