नळदुर्गचा पूल आणि सुरक्षा परिषद

परवाच्या शनिवारी गावाकडे गेलो होतो, तुळजापूर तालुक्यात. शाळेतल्या जुन्या सरांचा फोन आला होता, "पोरांची मॉडेल यूएन ठेवलीय, परीक्षक म्हणून ये." पुण्यात हा प्रकार ब्लेझर घालून, इंग्रजीतून चालतो. इथे गणवेश, पुठ्ठ्याच्या पाट्या आणि चक्क मराठी! म्हटलं, बघू तरी.

सरांनी विषय मात्र भन्नाट निवडला होता. १६ सप्टेंबर १९४८, पॅरिस, सुरक्षा परिषदेची बैठक. विषय : हैदराबाद. खरं सांगतो, आपला जिल्हा ज्या संस्थानात होता त्याचं भांडण थेट यूनोत गेलं होतं, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. निजामाच्या सरकारनं २१ ऑगस्टला तक्रार केली. बैठक भरली तोवर भारताची फौज सोलापूरकडून आत शिरून तीन दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली.

परिषदेच्या अकरा देशांच्या चिठ्ठ्या, शिवाय भारत आणि हैदराबाद. हैदराबादची चिठ्ठी नेमकी निघाली नववीतल्या एका मुलीला. ती भांडलीच. "सर, माझे पणजोबा रझाकारांशी लढले. मी निजामाच्या बाजूनं का बोलू?" सर म्हणाले, "तुला पटायला पाहिजे असं कुठंय? त्यांचं म्हणणं काय होतं ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढंच."

शनिवारी ती उभी राहिली. म्हणाली, सनदेच्या ३५व्या कलमानुसार सदस्य नसलेलं राष्ट्रही तक्रार करू शकतं. मग भारताकडे वळून, "तीन दिवसांपूर्वी तुमची फौज नळदुर्गचा पूल ओलांडून आली. याला आक्रमण नाही तर काय म्हणायचं?" सगळे एकदम गप्प. बोरी नदीवरचा पूल, आपला नळदुर्ग! भारताचा मुलगाही तयारीचा होता. हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्रच नाही, मग ३५वं कलम लागतं कसं, असं म्हणून त्यानं रझाकारांचे अत्याचार मोजून दाखवले. मागून एक पालक पुटपुटले, "हे असलं कशाला शिकवतात पोरांना?"

शेवटी सरांनी पुढचंही सांगितलं. कारवाईनंतर इथल्या मुसलमानांची कत्तल झाली. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) होता.

मला माझा बाकावरचा मित्र आठवला. १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करून लाडू खायचो, आणि त्याची आजी त्या दिवशी दार लावून बसायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

मुलीला विचारलं, "मग, पटलं का हैदराबादचं?" म्हणाली, "नाही. पण त्यांना नीट उत्तर द्यायचं तर आधी हे माहीत पाहिजे ना." आम्ही ऑफिसात समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर टाईप करायला लागतो...

परतताना नळदुर्गला चहाला थांबलो आणि मित्राला फोन लावला. आजीबद्दल विचारलं. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "फोनवर नको. घरी ये."

पुढच्या शनिवारी जाणार आहे.