मी रॅफ्लेशियाला चुकीचं नाव दिलं

बोर्निओतल्या सारावाकमधल्या गुनुंग गाडिंग राष्ट्रीय उद्यानात मी रॅफ्लेशियाचं फूल पाहिलं आणि परतल्यावर एका मासिकात लेख लिहिला. छायाचित्राखाली ठामपणे नाव दिलं : 'रॅफ्लेशिया अर्नोल्डी'. ते चुकलं, आणि दोष सर्वस्वी माझा होता.

अर्नोल्डी हे नाव सर्वांत प्रसिद्ध. १८१८ मध्ये सुमात्रात जोसेफ अर्नोल्ड यांना सापडलेलं, मीटरभर रुंद होणारं फूल. माझ्यासमोरचं फूल लाल, पांढुरक्या चट्ट्यांचं, परातीएवढं. तेवढ्यावर मी जात ठरवून टाकली.

लेख वाचून एका वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचा फोन आला. व्यास मोजलात का? मधल्या भोकाभोवतीच्या पडद्याचे आतल्या बाजूचे पांढरे डाग कसे होते? आतल्या चकतीवर काटे किती? फुलाच्या कपासारख्या भागाच्या आतल्या भिंतीवरचे तंतू कसे, त्यांची टोकं फुगीर होती का? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. सगळे फोटो वरून काढलेले. रॅफ्लेशियाची ओळख मुख्यतः फुलाच्या पोटात असते. पुंकेसरही चकतीच्या कडेखाली दडलेले, त्यामुळे नर-मादीसुद्धा वरून कळत नाही. पानं, खोड, मुळं नसल्यानं पडताळायला दुसरं काही हाती नसतं.

त्यांनी सांगितलं, गाडिंगचं फूल रॅफ्लेशिया तुआन-मुडे म्हणून ओळखतात. वनस्पतिशास्त्रज्ञ बेकारी यांनी १८६८ मध्ये ते सारावाकमधूनच नोंदवलं. दोन्ही फुलं दिसायला अतिशय जवळची. म्हणूनच बारीक नोंदींना मोल आहे.

दुसरी चूक अधिक गंभीर. चांगल्या फोटोसाठी मी लाकडी वाट सोडून खाली उतरलो. वनरक्षकानं मला लगेच मागे खेचलं. रॅफ्लेशिया टेट्रास्टिग्मा या द्राक्षकुळातल्या वेलीच्या आत वाढतं. वेल जमिनीलगत पसरते आणि कळ्या पाचोळ्यात झाकलेल्या असतात. कळी फुलायला कित्येक महिने लागतात, फूल टिकतं जेमतेम आठवडाभर. तेवढ्यात जवळपास नर आणि मादी फूल एकाच वेळी उमललेलं असेल आणि माशांनी पराग नेले, तरच बी धरतं. एक कळी तुडवली, तर तो दुर्मीळ योगच हुकतो.

पण पहिली चूकही किरकोळ नव्हती; चुकीचं नाव निरुपद्रवी नसतं. फिलिपीन्समध्ये २००२ नंतर रॅफ्लेशियाच्या अनेक नव्या जाती नोंदल्या गेल्या. प्रत्येक मोठ्या लाल फुलाला अर्नोल्डी म्हणत राहिलं, तर नवी जात डोळ्यांसमोर असूनही निसटते, आणि जिची नोंदच नाही तिचं संरक्षण कोण मागणार?

बोर्निओला, सुमात्राला किंवा याच कुळातलं सॅप्रिया पाहायला अरुणाचलला जाणार असाल, तर वाट सोडू नका. ठिकाण, तारीख आणि व्यासाचा अंदाज लिहून ठेवा. आतला फोटो हवा असेल, तर वनरक्षकाला विचारा. खात्री नसेल, तर फक्त 'रॅफ्लेशिया' लिहा आणि पुढची जागा कोरी सोडा.