भाकरीचा हिशेब

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना ती लागू नाही. आम्ही दोन्ही घरी जेवतो. सकाळी बेडई-जिलेबी हिंदीतून, दुपारी वरण-भात-तूप मराठीतून, आणि थंडीत मधल्या वेळेला मुरैन्याची गजक. याच शहरात १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. तिथली मुले पहाटे पळताना मी कितीतरी वर्षे पाहिली. पण चहाच्या टपरीवर उभा राहून.

त्याचे बिल २०२३ च्या जानेवारीत आले. वय ६३, वजन ८४ किलो आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा ६.३. डॉक्टर म्हणाले, “५.७ च्या आत हवा. ६.५ झाला की मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात. वजन उतरवा आणि भात-पोळी कमी करा.”

मी हरिशंकरपुरमला घरी आलो आणि जेवताना ताटावर हात आडवा धरला. “आई, भात नको.”

आई तेव्हा ८६ वर्षांची. भाताचा वाडगा तसाच घेऊन ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती वाढायलाच आली नाही. मला वाटले, म्हातारपणचा रुसवा. रात्री तिच्या खोलीत गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हणाली, “तुझे वडीलही माझ्याच हातचं जेवून गेले. तसं म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हण.”

वडील मधुमेहानेच गेले. शेवटी पायाची जखम भरेना. इतकी वर्षे ती भाताच्या प्रत्येक मुदीचा हिशेब मनात करत बसली होती, हे घरात कुणालाच कळले नव्हते. मी नुसता ‘नको’ म्हणत होतो. तिला त्यात आरोप ऐकू येत होता.

काय बोलावे सुचेना. म्हणून विचारले, “तू लहानपणी काय जेवायचीस?”

आई मंगळवेढ्याकडची. “ज्वारीची भाकरी. दुसरं काय असायचं?”

“मग इथे कधी का केली नाहीस?”

१९५७ साली लग्न होऊन ती लष्करात आली. पहिल्याच आठवड्यात तिने हौसेने भाकऱ्या थापल्या, तेव्हा आजी म्हणाली, “अगं, भाकरी गड्यामाणसांसाठी. आपल्याकडे पोळ्या होतात.” पुन्हा तिने परातीत ज्वारी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचे पीठ आणले. आईने चिमटीत धरून पाहिले. “शिळं आहे. विरी गेली याची.” मग ज्वारी आणून चक्कीवर ताजी दळून घेतली. आईने गरम पाण्यात पीठ मळले, थापले, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले. पहिली भाकरी मोडली. दुसरी टम्म फुगली. त्या दिवशी आई माझ्याबरोबर जेवायला बसली. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, “अम्माजी, हमारे भिंड में तो जाड़ों में बाजरे की बनती है!” योगायोगाने २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले भरडधान्यांचे वर्ष होते. आजी असती तर तिला हे सांगायला फार आवडले असते.

पण खरी गंमत पुढेच आहे. साखर मोजायचे छोटे यंत्र मी आणले होते. जेवणानंतर दोन तासांनी मोजायचो. वाडगाभर भात जेवलो की १९२. तीन पोळ्यांवर १७८. आणि मोठ्या विश्वासाने तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर १७४! मी खट्टू झालो. वाचल्यावर उलगडा झाला. ज्वारी काय, गहू काय, पिष्ट थोड्याफार फरकाने सारखेच. पांढऱ्या तांदळाचा कोंडा गिरणीतच जातो, म्हणून तो चटकन साखर होतो. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि आपण तो उपासाला खातो! भाकरी सावकाश चावावी लागते, पोटात टिकते, हे खरे. पण तीन म्हणजे तीनच.

मग ताटच बदलले. आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ, नंतर दीड भाकरी, भाजी, शेवटी ताक. भात बंद नाही; दोन घास, वरणाबरोबर. जेवून लगेच आडवे न होता गल्लीत वीस मिनिटे फेऱ्या, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आकडा १३८ वर आला. दिवाळीपर्यंत वजन ७८ झाले आणि तो ६.३ चा आकडा ५.८.

तो कागद मी आईला वाचून दाखवला. म्हटले, “हे तुझ्याच हातचं जेवून झालंय.”

ती काही बोलली नाही. दुपारी मात्र माझ्या ताटात न विचारता भाताची मूद पडली. लिंबाएवढी. वर तुपाची धार होती. ती मी मुकाट्याने खाल्ली, आणि फेऱ्या मारायला बाहेर पडलो.