जेवणाच्या टेबलावरचं मत

15 नोव्हेंबर 2017. सकाळी दहा वाजता ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख डेव्हिड कॅलिश कॅनबेरात निकाल वाचायला उभे राहिले, तेव्हा आमच्या लॅबमध्ये यंत्रं सोडली तर सगळं थांबलं होतं. समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं यासाठी कायदा बदलावा का, या एका प्रश्नाला देशभरात उत्तर देणाऱ्यांपैकी 61.6 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं होतं. शेजारी काम करणारी माझी मैत्रीण रडत होती, तिला धरून मीही रडत होते. संध्याकाळी घरी येऊन मतदारसंघांचे आकडे उघडले. पॅरामाटा, म्हणजे पश्चिम सिडनीतला माझा मतदारसंघ: ‘नाही’, 61.6 टक्के. दशांशासकट तोच आकडा, उलट्या बाजूला.

देशातल्या 150 मतदारसंघांपैकी 17 ‘नाही’ म्हणाले. त्यातले बारा एकट्या न्यू साउथ वेल्स राज्यातले, आणि त्या बारांतले बहुतेक पश्चिम सिडनीचे. ब्लॅक्सलंडमध्ये ‘नाही’ 73.9 टक्के, वॉटसनमध्ये 69.6. ‘नाही’च्या बाजूने हिरिरीने बोलणारे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या वॉरिंगा मतदारसंघाने मात्र 75 टक्के ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो आमच्याबद्दल बोलायला लागला. बाहेरून आलेले लोक, जुनाट विचारांचे, धर्माला चिकटलेले. मी त्या वसंत ऋतूत ‘हो’च्या मोहिमेसाठी वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड, हॅरिस पार्कच्या गल्ल्यांतून दारोदार फिरले होते, त्यातही जिथे मराठी, गुजराती, तेलुगू पाट्या दिसतील तिथे मुद्दाम. हे वर्णन मला आमच्या माणसांचं वाटलं नाही. पण आमची माणसं ‘नाही’ म्हणाली हेही खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही.

आधी हे मत टपालाने का आलं ते सांगायला हवं. इथला विवाह कायदा 1961चा. त्यात ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ ही व्याख्या 2004 साली जॉन हॉवर्ड सरकारने घातली. घालताना जनतेला कुणी विचारलं नव्हतं, संसदेने परस्पर केलं. काढायची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्या देशाला विचारायचं ठरलं. रीतसर जनमताचा प्रस्ताव सिनेटने फेटाळला, तेव्हा सरकारने सांख्यिकी खात्यामार्फत टपालाने कौल घेण्याची वाट काढली. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, 7 सप्टेंबरला न्यायालयाने सरकारला मोकळीक दिली, आणि 12 तारखेपासून लिफाफे निघाले. इथे निवडणुकीत मत देणं सक्तीचं असतं, न दिल्यास दंड होतो. हा कौल ऐच्छिक होता आणि संसदेवर बंधनकारकही नव्हता. तरीही 79.5 टक्के मतदारांनी उत्तर पाठवलं.

आमच्या भागात लिफाफे आले ते पितृपक्षात. घटस्थापनेपर्यंत जवळजवळ प्रत्येक घरात पोचले होते.

दारात उभं राहून जे ऐकलं त्यात द्वेष फार थोडा होता. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे “आपला काय संबंध?” त्यांचं ते बघून घेतील, आपण कशाला मध्ये पडायचं. मी म्हणायचे, मध्ये तर आपल्याला सरकारनेच ओढलंय, लिफाफ्यावर तुमचं नाव आहे. मग दुसरं वाक्य यायचं, “शाळेत मुलांना काय काय शिकवतील!” टीव्हीवर ‘नाही’वाल्यांची जाहिरात चालू होती. त्यात एक आई सांगायची की शाळेने माझ्या मुलाला हवं तर फ्रॉक घाल म्हणून सांगितलं. लग्नाच्या कायद्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता, पण ज्या आईबापांनी देश सोडला तोच मुलांच्या शाळेसाठी, त्यांच्या काळजाला ती जाहिरात बरोबर लागायची.

आणि तिसरं, आमचं अगदी आपलं असं. “लग्न म्हणजे कन्यादान, सप्तपदी. दोन मुलगे असतील तर कन्यादान कुणी कुणाचं करायचं?” हा प्रश्न मनापासून विचारलेला असायचा. मी सांगायचे की हा कायदा सप्तपदीबद्दल काही बोलतच नाही. भटजींनी लग्न लावायचं नाही म्हटलं तर त्यांना नाही म्हणता येईल. इथली तीनचतुर्थांशाहून जास्त लग्नं आजही देवळा-चर्चबाहेर, सरकारमान्य माणसासमोर सह्या करून लागतात. तुमच्याच मुलीने पुण्यातल्या लग्नाआधी इथे बागेत सह्या केल्या होत्या ना, तेवढ्या सह्यांचा हा प्रश्न आहे.

पण माणसं थांबून ऐकायला लागली ती वेगळ्याच मुद्द्यावर, आणि तो मला एका काकूंनीच दिला. एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांना इथे बरेचसे हक्क 2009पासून मिळालेच होते. मग लग्न कशाला हवं, असं काका विचारत होते. मी माझ्या मैत्रिणीचं सांगितलं. तिची जोडीदार आणि ती एकत्र राहतात, मुलगी वाढवतात. पण कुठे काही अडलं की आपण एकत्र राहतो हे त्यांना सिद्ध करावं लागतं. भाडेकरार, बँकेचं खातं, विजेची बिलं, ओळखीच्या लोकांची पत्रं. काकू आतून म्हणाल्या, “अहो, आपल्या व्हिसाच्या वेळी आठवतंय का?” काका गप्प झाले. आमच्यातल्या निम्म्या बायका या देशात आल्या त्या कुणाची तरी बायको म्हणून, लग्नाचा दाखला जोडून. नगरपालिकेतून तो दाखला काढायला किती खेपा घातल्या, नावातली चूक दुरुस्त करायला किती नोटरी केल्या, हे प्रत्येकीला पाठ आहे. त्या एका कागदाची किंमत आमच्याइतकी कुणाला कळणार? त्यानंतर मी प्रत्येक मराठी दारात तिथूनच सुरुवात करायला लागले.

ॲडलेडमध्ये घडलेली गोष्टही मी सांगायचे. 2016च्या जानेवारीत डेव्हिड बल्मर-रिझी हा ब्रिटिश तरुण मधुचंद्राला आलेला असताना पडून मरण पावला. बरोबर त्याचा नवरा होता, ब्रिटनमध्ये रीतसर लग्न लागलेलं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ‘अविवाहित’ लिहायची वेळ आली. पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री जे वेदरिल यांनी त्या नवऱ्याची माफी मागितली. हे ऐकून एका घरात सोफ्यावर बसलेल्या आजी बोलायला लागल्या. त्या साताऱ्याकडच्या, मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. मत नाही, पण सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. “आमच्या गावात शाळेत दोन बाई होत्या. दोघी एकत्र राहायच्या, म्हाताऱ्या होईपर्यंत. कुणी कधी वाईट बोललं नाही. थोरली गेली, तेराव्याला भाचे आले, आणि महिन्याभरात धाकटीला घर रिकामं करायला लावलं. घर दोघींच्या पगारातून बांधलेलं.” मुलगा म्हणाला, आई, हे तू कधी सांगितलं नाहीस. आजी म्हणाल्या, विचारलं कुणी?

अशी दारं थोडी होती. आम्ही पोचलोच मुळी थोड्या दारांपर्यंत. शहराच्या मध्यात, न्यूटाउनकडे, खिडक्याखिडक्यांतून इंद्रधनुषी झेंडे लागले होते. तिथे ज्यांना पटवायची गरज नव्हती त्यांच्याशीच सगळे बोलत होते. पश्चिमेला ‘नाही’वाल्यांची पत्रकं आधी आली, काही लोकांच्या मातृभाषेतून आली, आणि प्रार्थनेनंतर ओळखीच्या माणसाच्या हातून मिळाली. एका मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी दहा मिनिटं मागितली होती. उत्तर आलं, हा राजकीय विषय आहे. त्याच कार्यक्रमात स्थानिक पुढाऱ्यांचे सत्कार झाले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. एका घरात काकांनी मला आग्रहाने आत घेतलं, चहा केला. फळांच्या टोपलीखाली चार लिफाफे, बंद केलेले. “आमच्या घरातली चारही मी भरून टाकली,” ते सहज म्हणाले, “मुलांना कुठे वेळ असतो.” दुष्टावा अजिबात नव्हता. घराचा विमा, पाण्याचं बिल, मुलांचे कॉलेजचे फॉर्म, सगळं तेच भरतात. हाही एक फॉर्म. मागे स्वयंपाकघराच्या दारात त्यांची मुलगी उभी होती, नोकरी करणारी. ती माझ्याकडे बघत होती, पण बोलली काहीच नाही. काय भरलंत, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून समजलं.

हे त्यानंतर मला घरोघर दिसायला लागलं. कुठे नवऱ्याने बायकोचं भरलेलं, कुठे सगळ्यांनी रविवारी जेवणं झाल्यावर एकत्र बसून, एकच पेन फिरवून. निवडणुकीच्या दिवशी असं होत नाही. शाळेच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याचे आडोसे असतात, घरातली चार माणसं एकाच गाडीतून येतात आणि चार आडोशांमागे चार वेगळी होतात. त्या आडोशामागे कुणी कुणाची सून नसते, मुलगा नसतो. बाहेर येऊन सगळे एकत्र सॉसेज खातात आणि कुणी कुणाला मत दिलं हे घरात कुणाला कळत नाही. गुप्त मतदान हे लोकशाहीतलं फार मोठं काम आहे, आणि आमच्यासारख्या घरांमध्ये तर ते सगळ्यात मोठं. या कौलाने नेमका तो आडोसाच काढून घेतला, तोही ज्या प्रश्नावर घरातलं एखादं माणूस सगळ्यात जास्त घाबरलेलं असणार त्याच प्रश्नावर.

पुढच्या वर्षी एक तरुण मला भेटला. कुठल्या घरातला, हे लिहिणार नाही. आम्ही फिरत होतो त्याच गल्लीतला, एवढंच. तो समलिंगी आहे. दसऱ्याला, सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर, वडिलांनी टेबलावर लिफाफे काढले. ज्याने त्याने आपापला भरायचा, मग वडील सगळे एकदम टपालात टाकणार होते. बहिणीने भरला, आईने विचारून भरला. याची पाळी आली. वडील पलीकडे उभे, हातात गाडीची किल्ली. त्याने ‘नाही’वर खूण केली आणि लिफाफा बंद करून दिला. “स्वतःच्या हाताने, मावशी,” तो म्हणाला. मला त्याच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही. मी त्याचा हात धरून बसले.

पॅरामाटाचा निकाल अशा लिफाफ्यांमुळे फिरला असं माझं म्हणणं नाही. 61.6 टक्के फार मोठा आकडा आहे आणि त्यात मनापासून ‘नाही’ म्हणणारेच जास्त असणार. पण त्या आकड्यात या मुलाचं मतही मोजलेलं आहे. देशातल्या ज्या विद्वानांनी आम्हाला एका शब्दात निकालात काढलं, त्यांनी हे मोजलेलं नाही. आणि आमच्यातले जे अजून अभिमानाने सांगतात की आपला समाज संस्कार विसरला नाही, त्यांनीही नाही. शिवाय पॅरामाटात पाचांतले जवळजवळ दोन जण ‘हो’ म्हणाले होते. ते आमचेच शेजारी आहेत. त्यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

एखाद्याचं लग्न व्हावं की नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ठरवणं ही आम्हा मराठी माणसांना नवी गोष्ट नाही. चार लोक काय म्हणतील, यावर आपल्याकडे किती लग्नं मोडली! जातीबाहेरची, विधवांची. त्या चार लोकांपासून सुटायला कितीतरी जण इतक्या लांब आले. म्हणून या कौलाचा मला राग होता आणि आहे, ‘हो’ जिंकलं तरी.

कायदा 7 डिसेंबरला संसदेत मंजूर झाला. प्रतिनिधिगृहात विरोधात मत देणारे चारच निघाले. पॅरामाटाच्या खासदार जुली ओवेन्स ‘हो’च्या बाजूला होत्या. मैत्रिणीचं लग्न पुढच्या शरदात झालं. मी तिला पैठणी दिली, आणि तिने ती नेसवून घेतली.

कौलाच्या वेळी भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम अजून होतं. दारात लोक मला सुनवायचे, “आपल्याकडे तर गुन्हा आहे.” 2018च्या 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढलं, आणि तो आधार गेला. पुढे 17 ऑक्टोबर 2023ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने समलिंगी विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाही, कायदा करायचा तर तो संसदेने करावा असं सांगितलं. त्या आठवड्यात साताऱ्याच्या आजींचा फोन आला. मुलाला त्या दिवसापासून माझा नंबर माहीत होता, तो त्यांनी त्याच्याकडून घेतला होता. निकाल काय लागला ते त्यांना नीट समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं. “म्हणजे परत लोकांना विचारायचं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, आणि म्हणून तुम्ही त्या दोन बाईंची गोष्ट गावात सांगा, भाच्यांनी घर घेतलं तीसुद्धा. त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. दिवाळीला नातवंडं, पुतणे सगळे जमतात, तेव्हा सांगते, म्हणाल्या.